मुंबई विरुद्ध महाराष्ट्र : एका धावफलकाचे वाचन

मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ (डाव घोषित). महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. रणजी करंडकाच्या १९४८-४९ च्या हंगामातील उपांत्य सामन्याचा हा गोषवारा. ५ मार्च १९४९ रोजी पुण्यात सुरू झालेला हा सामना ११ मार्चला संपला आणि मुंबईने तो ३५४ धावांनी जिंकला. दोन्ही संघांनी मिळून ३८ गड्यांच्या मोबदल्यात २,३७६ धावा केल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये एका सामन्यात याहून अधिक धावा आजवर झालेल्या नाहीत. विक्रमांच्या कोष्टकात ही नोंद गेली पाऊणशे वर्षे आपल्या जागी बसून आहे. कोष्टकाबाहेर मात्र तिला जवळजवळ अस्तित्व नाही. मराठी वाचकाला हा सामना ठाऊक नाही, मराठी लेखकाने तो लिहिलेला नाही, आणि मराठी समीक्षकाला ही उणीव कधी जाणवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी. फलंदाजीच्या तंत्रावर अधिकारवाणीने बोलावे एवढी आमची योग्यता नाही, आणि या लेखाचा तो विषयही नाही. आमचा प्रश्न साहित्याचा आहे. एखाद्या भाषिक समाजाने आपल्या इतिहासातील एवढी मोठी घटना केवळ आकड्यांच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, याचा अर्थ काय लावायचा? घटना क्षुल्लक होती म्हणून असे झाले, की तिच्यातील आशय आम्हांला वाचताच आला नाही? आमचे उत्तर दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. ते का, हे पुढे मांडण्याचा प्रयत्न करतो.

प्रारंभी एका परक्या उदाहरणाकडे वळू, कारण तुलनेशिवाय आपली उणीव दिसत नाही. आमच्या सामन्यानंतर अडीच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५१ रोजी, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर बेसबॉलचा एक सामना झाला. जायंट्स आणि डॉजर्स हे एकाच शहरातले दोन व्यावसायिक संघ, आणि त्यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. नॅशनल लीगच्या विजेतेपदासाठी त्यांच्यात तीन सामने ठरले होते, आणि पहिल्या दोन्हींत एकेक विजय झाल्यामुळे हा तिसरा सामना निर्णायक होता. शेवटच्या डावात डॉजर्स ४-१ असे पुढे होते. जायंट्सने एक धाव मिळवली, दोन खेळाडू तळांवर उभे होते, आणि बॉबी थॉमसनने राल्फ ब्रँकाच्या चेंडूवर तो प्रेक्षकांत भिरकावणारा फटका मारला. जायंट्स ५-४ असे जिंकले. तो चेंडू पुढे कोणाच्या हाती गेला हे कधीच नक्की कळले नाही.

एवढ्या ऐवजावर अमेरिकन साहित्याने काय उभे केले ते पाहण्यासारखे आहे. डॉन डिलिलो यांनी १९९२ साली या सामन्यावर एक दीर्घ कथा प्रसिद्ध केली आणि १९९७ मध्ये तीच त्यांच्या 'अंडरवर्ल्ड' या कादंबरीचे उपोद्घात-प्रकरण झाली. त्याच दिवशी सोव्हिएत रशियाने अणुबाँबची दुसरी चाचणी केल्याचे अमेरिकेत जाहीर झाले होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर या दोन बातम्या शेजारी शेजारी छापलेल्या होत्या. डिलिलो यांना कादंबरीचे बीज त्या पानावर सापडले. त्यांनी सामन्याचे वर्णन केले, पण सामना हा त्यांचा विषय नव्हे. तिकीट न काढता फाटकावरून उडी मारून आत शिरणारा हार्लेममधील एक कृष्णवर्णीय मुलगा, प्रेक्षकांत बसलेले गुप्तचर खात्याचे प्रमुख हूव्हर, आणि हातोहाती फिरत राहणारा तो चेंडू यांच्या आधारे त्यांनी शीतयुद्धाच्या अर्धशतकाचा पट मांडला. त्यापूर्वी बर्नार्ड मालमड यांनी १९५२ साली बेसबॉलवर कादंबरी लिहिली होती. रॉबर्ट कूव्हर यांनी तर १९६८ साली फासे टाकून कागदावरच बेसबॉलचे सामने खेळणाऱ्या आणि त्यांचे गुणपत्रक लिहीत बसणाऱ्या एका हिशेबनिसावर कादंबरी लिहिली. म्हणजे निव्वळ धावफलकही कादंबरीचा विषय होऊ शकतो, हे तिकडे सिद्ध होऊन गेले आहे.

यावर आपल्याकडचा विद्वान म्हणेल की अमेरिकन सामन्यात नाट्य होते. एका फटक्यात सारे पालटले. आपल्या पुण्याच्या सामन्यात काय होते? सपाट खेळपट्टी, दमलेले गोलंदाज आणि धावांचा डोंगर. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. २,३७६ हा आकडा प्रथमदर्शनी कंटाळवाणा आहे हे खरेच. परंतु कंटाळा हा वाचनाचा शेवट मानायचा की आरंभ? कवितेच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की संहिता पुन्हा वाचा, कोणता शब्द कोठे आला आहे ते पाहा. तीच शिस्त धावफलकाला लावून पाहू.

पहिल्या डावात मुंबईला २४४ धावांची आघाडी मिळाली. महाराष्ट्राला लगेच पुन्हा फलंदाजीस लावता आले असते. मुंबईने तसे केले नाही. ती स्वतः पुन्हा खेळली, आणि ७१४ धावा होईपर्यंत खेळत राहिली. महाराष्ट्रापुढे विजयासाठी ९५९ धावांचे लक्ष्य ठेवण्यात आले. एवढे लक्ष्य कोणी कोणापुढे का ठेवतो? शत्रू मेला आहे याची खात्री नसेल तेव्हा. आमच्या मते या आकड्यात मुंबईचे सामर्थ्य जितके आहे तितकीच तिची भीतीही आहे, आणि ती भीती निराधार नव्हती. १९४०-४१ च्या हंगामात याच पुण्यात मुंबईने ६५० धावा केल्या असता महाराष्ट्राने ६७५ धावा करून तिला मागे टाकले होते. त्या डावात महाराष्ट्राचे कर्णधार दि. ब. देवधर यांनी २४६ धावा काढल्या. ते तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत होते. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्यानंतर आजतागायत महाराष्ट्राला तो मिळालेला नाही. ६५० धावा पुरत नाहीत हे मुंबई एकदा शिकली होती. ७१४ धावांमागे हे शिक्षण उभे आहे.

आता चौथा डाव. ९५९ चे लक्ष्य समोर असताना महाराष्ट्राने ६०४ धावा केल्या. पराभव ठरलेला होता. तरीही हरणाऱ्या संघाने आपल्या पहिल्या डावाच्या जवळजवळ दीडपट धावा दुसऱ्या डावात काढल्या. मधुसूदन रेगे यांनी पहिल्या डावात १३३ आणि दुसऱ्या डावात १०० धावा केल्या. हे रेगे त्याच वर्षी जानेवारीत मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सामना खेळले होते. तो त्यांचा पहिला सामना होता आणि शेवटचाही. मुंबईकडून उदय मर्चंट यांनी १४३ आणि १५६, तर दत्तू फडकर यांनी १३१ आणि १६० धावा केल्या. एकाच सामन्यात तीन फलंदाजांनी दोन्ही डावांत शतके काढली. यांतील दोघे जिंकले, एक हरला. रेगे यांच्या दुसऱ्या शतकाला सामन्याच्या निकालात काही किंमत नव्हती. निकालात किंमत नसलेले कर्म माणूस का करतो, हा प्रश्न क्रीडास्तंभाचा नव्हे. तो शोकात्मिकेचा प्रश्न आहे, आणि आपण तो सोफोक्लीसच्या निमित्ताने वर्गात वारंवार चर्चिलेला आहे.

तथापि या सामन्याचे खरे मर्म त्याच्या नावात आहे असे आम्हांला वाटते. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. हे चार शब्दही नव्हेत, पण १९४९ सालच्या मार्च महिन्यात ते उच्चारणे म्हणजे काय होते याचा विचार करावा. त्या वेळी महाराष्ट्र नावाचे राज्य नव्हते. १९४६ साली बेळगावला ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राची मागणी केली होती. डिसेंबर १९४८ मध्ये दार आयोगाने भाषावार प्रांतरचनेविरुद्ध आपला अहवाल दिला. मुंबई शहर महाराष्ट्रात जाऊ नये असा सूर त्यात होता. त्यानंतर जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांच्या समितीने एप्रिल १९४९ मध्ये आपला अहवाल सादर केला, आणि मुंबईचे वेगळेपण त्यातही कायम राहिले. हा सामना या दोन अहवालांच्या मधोमध खेळला गेला. मुंबई महाराष्ट्राची की महाराष्ट्राबाहेरची, हा प्रश्न दिल्लीत कागदावर विचारला जात असताना पुण्याच्या मैदानावर ही दोन नावे समोरासमोर उभी होती. पुढे याच प्रश्नासाठी शंभरावर माणसे गोळीबारात मरण पावली आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला.

येथे सावध राहिले पाहिजे. मैदानावरचा मुंबईचा संघ म्हणजे परक्यांचा संघ, असे चित्र रंगवणे सोपे आहे आणि खोटेही. मुंबईकडून दोन शतके काढणारे दत्तू फडकर कोल्हापूरचे. ते आधी महाराष्ट्राकडूनही खेळले होते. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे फडकरांचे जन्मगाव ज्या आठवड्यात राजकीयदृष्ट्या 'मुंबई'त आले त्याच आठवड्यात ते मुंबईच्या बाजूने महाराष्ट्राविरुद्ध खेळायला उतरले. उदय मर्चंट हे विजय मर्चंट यांचे बंधू, गुजराती व्यापारी घराण्यातले. आणि मुंबईच्या पहिल्या डावात सर्वाधिक, बरोबर २०० धावा काढणारे यष्टिरक्षक-फलंदाज माधव मंत्री यांचा जन्म १ सप्टेंबर १९२१ रोजी आमच्या नाशिकचा.

नाशिकच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. मंत्री नाशिकला जन्मले आणि क्रिकेटपटू म्हणून दादरला घडले. दादर युनियन हा त्यांचा क्लब. भारताकडून ते चार कसोटी सामने खेळले. १९५२ साली लीड्सला भारताचे पहिले चार गडी धावफलकावर शून्य असताना बाद झाले, त्या चारांत ते एक होते. पुढच्या पिढीला ते सुनील गावसकरांचे मामा म्हणून अधिक परिचित झाले. मामांच्या कपाटातील भारताच्या संघाचा स्वेटर लहानग्या भाच्याने मागितला, तेव्हा हा स्वेटर घाम गाळून मिळवावा लागतो असे त्यांनी सुनावले, ही हकिकत गावसकरांनी स्वतः सांगितलेली आहे. २०१४ साली मंत्री वारले. नाशिक जिल्हा क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र संघात मोडतो. आमच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना होतो तेव्हा यजमान असतो तो महाराष्ट्राचा संघ, आणि नाशिककर टाळ्या वाजवतात त्या त्याच संघासाठी. मग मंत्रींच्या त्या २०० धावा नाशिकने आपल्या म्हणून मिरवायच्या की आपल्याविरुद्धच्या म्हणून मोजायच्या?

हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण उत्तर देऊ लागताच तो गंभीर होतो. पोटासाठी, शिक्षणासाठी, खेळासाठी गाव सोडून मुंबईला गेलेल्या माणसाचे गाव कोणते, हा मराठी साहित्याचा शतकभराचा विषय आहे. गिरणगावावरच्या कथांपासून दलित आत्मकथनांपर्यंत तो पुन्हा पुन्हा आलेला आहे. मंत्रींचे द्विशतक याच विषयाचे एक रूप आहे. फरक एवढाच की ते धावफलकात आहे आणि आपल्याला धावफलक वाचायला कोणी शिकवलेले नाही. राजकीय नकाशाने १९६० साली जो वाद मिटवला तो क्रिकेटच्या नकाशाने आजही जपून ठेवला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. एकाच राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. 'महाराष्ट्र' नावाच्या संघात मुंबई नाही आणि नागपूरही नाही. जुन्या प्रांतांच्या सीमा जेथे अजून जिवंत आहेत असे हे एक ठिकाण आहे, आणि प्रादेशिक अस्मितेवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी त्याकडे वळूनही पाहिलेले नाही.

मराठी साहित्याला क्रिकेटचे वावडे होते असे म्हणता येईल काय? तसेही नाही. येथे एका पुस्तकाचा उल्लेख अपरिहार्य आहे. पळवणकर विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली, म्हणजे या सामन्याच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाले. पळवणकर बंधू चर्मकार समाजातले. थोरले बाळू हे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे गोलंदाज होते. त्यांना हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद मिळू शकले नाही, आणि ते पद अखेर १९२३ साली धाकट्या विठ्ठल यांच्याकडे आले. याच बाळूंनी १९३७ साली डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. जात, वसाहत, राष्ट्र आणि कौशल्य यांचा एवढा गुंता एका मराठी पुस्तकाच्या मागे आहे. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला तेव्हा त्यांनी या पुस्तकाचा भरपूर उपयोग केला. आमच्यापैकी अनेकांना विठ्ठल पळवणकर भेटले ते गुहांच्या इंग्रजी पानांवर. दलित आत्मकथनाच्या परंपरेचा आपण आरंभ सांगतो तो बहुधा १९७८ च्या 'बलुतं'पासून. त्याच्या तीस वर्षे आधीचे हे आत्मचरित्र त्या चर्चेत का येत नाही? त्याचा सूर निराळा असेल, त्याची भाषा संयमित असेल, पण चर्चेतून ते वगळले गेले त्याचे एक कारण ते 'खेळाचे पुस्तक' होते हेच असावे असा आमचा संशय आहे. ग्रंथालयात ते क्रीडा विभागात गेले आणि साहित्याच्या विभागातून बाहेर पडले.

हीच वर्गवारी पुण्याच्या सामन्याला नडली. १९४९ हे मराठी साहित्यात मरगळीचे वर्ष नव्हते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' दोन वर्षांपूर्वी येऊन गेल्या होत्या आणि त्यांवरून वादळ उठले होते. नवकथा आकार घेत होती. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' याच वर्षी पुस्तकरूपाने आली. शहरातला सामान्य माणूस आणि खेड्यातला उपेक्षित माणूस, दोघांनाही साहित्यात नव्याने जागा मिळत होती. मैदानाच्या कडेला उन्हात बसलेला माणूस मात्र या दोन्ही दालनांत बसला नाही. तो कारकून असेल, विद्यार्थी असेल, पण आठवडाभर सामना पाहणे हा त्याचा रिकामटेकडेपणा समजला गेला. गंभीर लेखकाने त्या कडेला जाऊन बसण्याचे कारण नव्हते.

वस्तुतः त्या कडेला एक नवा प्रयोग चालला होता. १९४५-४६ पर्यंत मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर' अशा धर्मावर आधारलेल्या संघांची पंचरंगी स्पर्धा होत असे आणि लोकांचे खरे प्रेम तिच्यावर होते. ती बंद पडली. प्रांतवार संघांची रणजी स्पर्धा तोवर तिच्या सावलीत वाढत होती. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत प्रेक्षकाला आपली निष्ठा धर्मावरून उचलून प्रदेशावर ठेवायची होती. मुंबई-महाराष्ट्र सामना हा त्या स्थलांतराचा एक टप्पा आहे. एका ओळखीच्या जागी दुसरी ओळख कशी बसते, त्यात काय गमावते आणि कोणते नवे वैर उगवते, हे कादंबरीने पाहायचे नाही तर कोणी पाहायचे?

त्याच हंगामातील आणखी एक घटना सांगितल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यातच महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ या विश्वविक्रमाशी बरोबरी करण्यास ९ धावा कमी होत्या. त्या वेळी पराभूत बाजूने सामना सोडून दिला आणि खेळ तेथेच थांबला. निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. डिसेंबरात एक संघ पराभव सोसवत नाही म्हणून मैदान सोडतो, आणि मार्चमध्ये त्याच शहरात दुसरा संघ ९५९ चे लक्ष्य समोर असताना शेवटचा गडी बाद होईपर्यंत खेळतो व ६०४ धावा करून हरतो. हे दोन सामने जोडून वाचले म्हणजे दोन्हींचा अर्थ पालटतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही जोडणी सहज सुचावी.

आमची बाजू मांडताना एक धोकाही कबूल केला पाहिजे. खेळावरचे लेखन फार लवकर स्मरणरंजनात घसरते. 'गेले ते दिवस' म्हणून उसासा टाकणे आणि जुन्या खेळाडूंना देवत्व देणे आपल्याला चांगले जमते. न्यूयॉर्कच्या त्या सामन्याचेही असेच मिथक झाले होते. पुढे २००१ साली एका पत्रकाराने उघड केले की त्या हंगामात जायंट्स दुर्बिणीतून प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरत असत. मिथकाला तडा गेला, पण घटना त्यामुळे लहान झाली नाही. तिच्यात आणखी एक कथा मिळाली. आम्हांला पुण्याच्या सामन्याचे पोवाडे नको आहेत. तो कोणी लिहिला तर त्यात कंटाळा यावा, ऊन यावे, दमलेला गोलंदाज यावा, आणि मुंबईच्या सुबत्तेबद्दल पुण्याला वाटणारा हेवाही यावा. सामन्याच्या नावामागची राजकीय जखम यावी आणि त्या जखमेच्या दोन्ही बाजूंना मराठीच माणसे होती हेही यावे.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. त्या सामन्याच्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशी ओलांडून गेला आहे. मंत्री गेले, निंबाळकर २०१२ मध्ये गेले. मैदानाच्या कडेला बसलेल्यांपैकी जे कोणी हयात असतील त्यांच्या आठवणी आणखी काही वर्षांत कायमच्या नाहीशा होतील, आणि मग खरोखरच आकड्यांखेरीज काही उरणार नाही. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत लघुप्रबंधासाठी विषय शोधताना दरवर्षी त्याच त्या कादंबऱ्यांची स्त्रीवादी, समाजशास्त्रीय, शैलीवैज्ञानिक चिकित्सा होते. तिला आमचा विरोध नाही. पण एखाद्या विद्यार्थ्याला मार्च १९४९ च्या त्या आठवड्यातील 'केसरी' आणि 'सकाळ'चे अंक शोधायला पाठवावे, सामन्याची वार्ता आणि प्रांतरचनेची वार्ता एकाच अंकात कशा आल्या, कोणती आतल्या पानावर आणि कोणती पहिल्या, भाषा दोन्हींची कशी होती, हे लिहून आणायला सांगावे, असे आम्हांला मनापासून वाटते. डिलिलो यांना वर्तमानपत्राच्या एका पानावर कादंबरी दिसली. आपल्याकडे ते पान कोणी उघडलेलेच नाही.

दुसरी गोष्ट वर्गातल्या मुलांची. आमच्या महाविद्यालयांतील कितीतरी विद्यार्थी सकाळी मैदानावर घाम गाळून मग साहित्याच्या तासाला येऊन बसतात. खेळाविषयी त्यांना जे कळते ते शिक्षकाला कळत नाही. धीर म्हणजे काय, अपेक्षाभंग कसा असतो, निकाल ठरल्यावरही खेळत राहणे कशाला म्हणतात, हे त्यांनी अंगाने अनुभवलेले असते. त्या ज्ञानाला आमच्या अभ्यासक्रमात एकही ओळ नाही. म्हणून ती मुले वाङ्मयाला परकी राहतात आणि आपण म्हणतो की हल्लीच्या मुलांना वाचनाची गोडी नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आणि कान्हेरे मैदान त्याच शहरातले. या दोहोंमधला रस्ता फार लांबचा नाही. तो तोडला आहे तो आपल्या वर्गवारीने.

आमच्या प्रतिपादनात अतिशयोक्ती आहे असे कोणास वाटल्यास त्याने प्रतिवाद अवश्य करावा. मराठीत या सामन्यावरची एखादी कथा, एखादे स्मरणलेखन आमच्या नजरेतून निसटले असेल तर ते दाखवून द्यावे. आम्हांला आपली चूक कळून आनंदच होईल. तोपर्यंत आमचे म्हणणे एवढेच की महाराष्ट्राच्या त्या ६०४ धावा अजून कोणी वाचलेल्या नाहीत, आणि नाशिकच्या माधव मंत्रींच्या २०० धावा कोणत्या बाजूला लिहायच्या याचा निर्णय अजून व्हायचा आहे.